जीवा, जैब आणि साइन

पाचवीत असताना गुरुजींनी विचारले, 'पेन्सिल कुठे आहे?' मी म्हणालो, 'जेबात आहे.' वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, 'अरे, मराठीत बोल की! खिसा म्हण.' घरी जेब आणि शाळेत खिसा, अशी वाटणी मी त्या दिवशी करून टाकली. अब्बा शिंपीकाम करायचे. ते मशीनवर जेब शिवायचे आणि मी शाळेत खिसे घालून जायचो.

पुढे मीच गणिताचा शिक्षक झालो. त्रिकोणमितीच्या तासाला एका मुलीने विचारले, 'सर, साइन म्हणजे सही ना? मग कोनाची सही कशाला?' मला उत्तर येत नव्हते. शोधायला निघालो आणि फिरून आपल्याच दाराशी आलो.

आर्यभटाच्या 'आर्यभटीय' या ग्रंथात (इ. स. ४९९) अर्धज्यांची गणिते आहेत. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. आजही भूमितीत आपण 'वर्तुळाची जीवा' म्हणतोच. गणिताला लागायची अर्धी जीवा. बोलता बोलता 'अर्धी' गळाली. आठव्या शतकात हे भारतीय ज्योतिषगणित बगदादला पोचले. अरबांनी शब्दाचे भाषांतर केले नाही, जसा ऐकला तसा लिहिला: जीम, ये, बे. ही अक्षरे 'जीब' अशीही वाचता येतात आणि 'जैब' अशीही. 'जीब'ला अरबीत अर्थ नव्हता, 'जैब'ला होता: अंगरख्याचा गळा, उराशी पडणारी कापडाची घडी. कुरआन शरीफ समजून वाचणाऱ्याला हा शब्द ओळखीचा आहे. सूरह नूरमध्ये ओढणी छातीवर घेण्याविषयी जी आयत आहे, तिच्यात त्याचेच अनेकवचन येते.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊ लागले. टोलेडोत बसून क्रेमोनाच्या जेरार्डने असे कितीतरी ग्रंथ उतरवले. या अनुवादकांनी 'जैब'चा अर्थ पाहिला आणि त्याच अर्थाचा लॅटिन शब्द ठेवला, 'सायनस'. इंग्रजीत त्याचा साइन झाला. सर्दीत ठणकणारे सायनस तेही हेच, घडीतली पोकळी. आणि आमचा घरातला जेब म्हणजे हाच जैब. घडीत वस्तू ठेवता ठेवता तिची पिशवी झाली.

अब्बांना हे सांगितले. चष्मा वर करून ते म्हणाले, 'मंजे गला बी जेबच था क्या? फिर तो मैं जिंदगीभर एकच चीज सीता रहा!'

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार शब्द लिहिले: जीवा, जैब, सायनस, साइन. खडू संपला तेव्हा म्हणालो, 'थांबा, दुसरा माझ्या जेबात आहे.' एकदोघे हसले. मग त्यांना खिशाचीही कुळकथा सांगितली. तो शब्द फारसी 'कीसा'वरून, म्हणजे पिशवीवरून मराठीत आला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.