पिंपातला चाफा

आम्ही भावंडं एकत्र जमलो की पहिला वाद पिंपाच्या रंगावरून होतो. ताई म्हणते निळं होतं. दादा म्हणतो, रंग कसला, नुसता गंज. धाकट्या काकांचा मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा, पण पिंपावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं असं तोही छातीठोकपणे सांगतो. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. पिंप दारूखान्यातून आलं होतं, आडवं अर्धं कापलेलं, आणि आजोबांनी ते रे रोड स्टेशनच्या पुलावरून घोडपदेवपर्यंत हातगाडीवर आणलं होतं. त्या पिंपात आजीचा सोनचाफा होता.

रोप त्याआधीचं, १९७५च्या मे महिन्यातलं. तेव्हा कोकणात जायला-यायला बोट होती आणि पावसाळ्यात ती बंद पडायची. बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीने आजी मुसाकाजीहून निघाली. पडावातून बोटीवर चढताना एका हातात धाकटी आत्या आणि दुसऱ्या हातात डालड्याचा डबा. डब्यात राजापूरकडच्या घराच्या मागच्या चाफ्याखाली आपोआप उगवलेलं वीतभर रोप. भाऊच्या धक्क्यावर उतरून ती घोडपदेवपर्यंत चालत आली, कारण व्हिक्टोरियात डबा कलंडेल अशी तिला भीती होती. ही हकीकत आम्ही प्रत्येकाने तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता आम्हीच त्या बोटीवर होतो असं वाटतं.

आमची चाळ दुमजली, खोली दहा बाय बाराची आणि माणसं अकरा. आम्ही तळमजल्यावर असल्यामुळे मागच्या दाराबाहेर, मोरीच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत, पट्टीसारखी जागा मिळालेली. तिला आजी ‘परसू’ म्हणायची. तुळस, गवती चहा, ओव्याच्या पानांचं झुडूप आणि पिंपातला चाफा एवढ्यावरच ते परसू संपायचं. पलीकडे वखारींचे पत्रे आणि त्यांवर दिवसभर कावळे.

बीपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला वर्षं घेतो. आता कलमं मिळतात, ती एक-दोन वर्षांत फुलतात. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फुलबाजारात पहाटे येणारी फुलं बहुतेक अशा कलमांचीच. आजीचा चाफा १९८१ साली, श्रावणाच्या तोंडावर पहिल्यांदा फुलला. सात फुलं आली. आजीने एक घोडपदेवाच्या देवळात वाहिलं आणि बाकीची चाळीतल्या सहा घरांत वाटली. आपल्या केसांत तिने एकही माळलं नाही. ताईला ही खंत अजून आहे, तिला तेव्हा लांब वेणी होती.

पुढच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा साचे खात्यात आणि थोरले काका रिंग खात्यात, म्हणजे आमच्या घरातले दोन. सुरुवातीला वाटलं, होळीपर्यंत मिटेल. आजोबा सवयीने पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि मग परसवात जाऊन उभे राहायचे. भोंगा नाही, आणि माणूस मात्र तयार. लहानपणी आम्हाला ते विचित्र वाटायचं. आता त्या उभं राहण्याची आठवण आली की घशाशी येतं.

त्याच सुमारास कळलं की चाळीची नवी गटारवाहिनी नेमकी पिंपाच्या जागेवरून जाणार. गणपतीच्या आत झाड हलवा, असा निरोप आला. हलवायचं म्हणजे केवढं? वीस पावलं, कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. पण पिंपाचा तळ गंजून केव्हाच गेला होता. मुळं खाली जमिनीत उतरली होती, बाजूच्या भोकांतूनही बाहेर पडली होती. झाड बारा-तेरा फुटांचं, खोड तीन इंच. पिंप उचलून नेऊ म्हणणाऱ्या थोरल्या काकांनी ते एकदा गदागदा हलवून पाहिलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या मजल्यावर राणीबागेतले एक माळी राहायचे. आम्ही त्यांना माळीकाकाच म्हणायचो. १८६१ साली शिवडीची बाग उठवून भायखळ्याला आणली, तिथपासूनची राणीबागेची हकीकत ते घरच्या गोष्टीसारखी सांगायचे. ते खाली आले, चाफ्याभोवती एक फेरी मारली, बोटाने माती उकरून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, हा देवचाफा नव्हे. त्याची फांदी खोचा कुठेही, जगते. याला आधी सांगावं लागतं.”

आधी सांगायचं म्हणजे काय, ते पुढचे चार महिने आम्ही पाहिलं. देवचाफ्याचं आणि सोनचाफ्याचं नातं फक्त नावापुरतं. आमच्यातली मधली बहीण पुढे वनस्पतिशास्त्र शिकली. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, कवठी चाफा त्याचा सख्खा, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. वनस्पतिशास्त्रात तो पूर्वी मिशेलिया होता, आता मॅग्नोलियातच धरतात. आणि मॅग्नोलिया हे नाव पिएर मॅग्नोल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं. हे कूळ इतकं जुनं की त्याच्या फुलांची ओळख मधमाश्यांच्या आधी भुंगेऱ्यांशी झाली. या झाडांची मुळं जाड, गरदार, दोरासारखी असतात. बारीक तंतूमुळं कमी आणि जी असतात ती मातीतल्या बुरशीच्या सोबतीने जगणारी. असं मूळ तुटलं की लवकर भरत नाही, ओलीत कुजतं. माळीकाकांना यातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांनी केलं ते सगळं यालाच धरून होतं.

होळी झाल्यावर त्यांनी खोडापासून सव्वा फुटावर दोरीने गोल आखला आणि अर्ध्याच गोलावर चर खणायला लावला. मुळं दिसली तशी ती धारदार कोयत्याने एका घावात कापायची, पहारीने ठेचायची नाहीत. चरात कुजलेला पाला आणि बारीक माती भरली, म्हणजे कापल्या जागी नवी मुळं फुटतील. उरलेला अर्धा गोल वैशाखात, तोवर पहिल्या बाजूने झाड सावरलेलं. चर खणायला संपावरच्या माणसांची रांग लागली. ज्यांच्या हातांना जानेवारीपासून काम नव्हतं, ते सकाळी आठ वाजता कुदळ घेऊन हजर. माळीकाकांना त्यांना आवरावं लागायचं, “अहो, आज एवढंच. झाडाला दमू द्या.”

रेशनला पैसे पुरत नव्हते. गावाहून तांदूळ आले नसते तर काय झालं असतं, त्याचा विचार आई आजही करू देत नाही. अशा दिवसांत आजी चाफ्याला तांदळाचं धुवण घालायची.

आणि ज्येष्ठात चाफा कळ्यांनी भरला.

माळीकाका म्हणाले, कळ्या काढा सगळ्या. फूल पोसायचं की मूळ, झाडाला दोन्ही झेपणार नाही. आजी काही बोलली नाही. दुपारी सगळे पांगल्यावर तिने स्टूल घेतलं, आत्याला फांदी वाकवायला लावली आणि एकेक कळी खुडली. ताई खाली ओंजळ धरून उभी होती. ती सांगते की आजी रडत नव्हती, पण प्रत्येक कळी खुडताना काहीतरी पुटपुटत होती. त्यातल्या उमलायला आलेल्या पाच-सहा कळ्या तिने तुरटीच्या पाण्यात, काचेच्या बाटलीत घातल्या आणि बूच मेणाने बंद केलं. ती बाटली रेडिओशेजारी फळीवर बसली. संध्याकाळी कामगार सभेचा कार्यक्रम ऐकत बसलेल्या आजोबांच्या डोक्यावर पिवळ्या कळ्या पाण्यात लोंबत असायच्या. मुंबईतल्या कितीतरी घरांत अशा बाटल्या असायच्या, पण आमच्या बाटलीतल्या कळ्या उमलायच्या आधीच काढलेल्या होत्या.

मृगाच्या दोन सरी पडून उघडीप झाली तो रविवार. आदल्या दिवशी बायकांनी कात्र्या घेऊन प्रत्येक पान अर्धं कापलं. चाफ्याचं पान वीतभर लांब, सगळी ठेवली तर मुळं पुरवणार किती? पानं एकदम ओरबाडायची नाहीत, झाडाला धसका बसतो, असं माळीकाका म्हणाले. पूर्वेकडच्या बाजूला खोडावर चुन्याची खूण केली, नव्या जागी तोंड तिकडेच राहिलं पाहिजे. मग पिंपासकट अडीच फुटांचा मातीचा गड्डा खालून सोडवला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, आणि सुतळी बांधायला आजोबा पुढे झाले. तीस वर्षं साच्यावर तुटलेला धागा क्षणात सांधणारी ती बोटं. त्यांनी मारलेल्या गाठी ओढल्या की घट्ट होत होत्या, सुटायचं नाव नाही. काम संपल्यावर ते हाताकडे बघत राहिले, हे दादाने पाहिलं.

ऐवज तीन-चारशे किलोंचा. गोदीतल्या शेजाऱ्याने फळ्या आणल्या, दारूखान्यात काम करणाऱ्याने लोखंडी पाइपाचे तुकडे. फळीखाली पाइप, फळीवर चाफा, मागचा पाइप सुटला की पुढे लावायचा. आठ माणसं, वीस पावलं, दीड तास. वरच्या गॅलऱ्यांत सगळी चाळ उभी. नव्या जागेच्या खड्ड्यातून आधीच विटांचे तुकडे, कौलं, शिंपले आणि लाल मुरूम निघाला होता. घोडपदेवची जमीन अशीच, थोडी डोंगराची, थोडी भरावाची. खड्ड्याच्या काठावर पिंप छन्नीने उलगडलं. चाफा पूर्वी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवला, बोटभरही खोल नाही. तळाशी आजीने फडक्यात बांधून ठेवलेली माती टाकली. डालड्याच्या डब्यातली, राजापूरची, सात वर्षं जपलेली. ती कधी काढून ठेवली होती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

पाणी तुंबू नये म्हणून बाजूने पन्हळ काढली, तीन बांबूंचा आधार दिला. श्रावणात झाडाचं शेवटचं पानही गळलं.

पुढचं लवकर सांगतो. संप कधी मिटला असं कोणी जाहीर केलंच नाही. थोरले काका गावी गेले. आजोबा एका गोदामात रात्रीचे राखणदार झाले. जवळच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती आहेत. आमची चाळही पुनर्विकासात गेली तेव्हा चाफा तिसऱ्या मजल्याएवढा होता. १९७५च्या कायद्याप्रमाणे झाड हलवायची परवानगी रीतसर घेतली गेली, यंत्र आलं, एका सकाळीत काम झालं. चर नाही, चार महिने नाही, चुन्याची खूणही नाही. तो जगला नाही. मला त्या दिवसाचा राग आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं. मधल्या बहिणीने त्याआधीच लाल बिया गोळा करून, गर धुऊन, ताज्या ताज्या पेरल्या होत्या. त्यातली रोपं आता विरारला, डोंबिवलीला आणि बदलापूरला आहेत, आम्ही जिथे जिथे गेलो तिथे. विरारचा गेल्या वर्षी फुलला.

पण जमलो की आम्ही शेवटी येतो ते १९८४च्या पावसाळ्यावर. दोन वर्षं चाफ्याने नुसती पानं काढली होती, तीही मोजकी. आजोबा पहाटे गोदामातून परतले. पाऊस नुकताच थांबलेला. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले, असं समोरचे दूधवाले नंतर सांगायचे. दाराशी आले, पण आत आले नाहीत. चाळीला वळसा घालून, पायात चिखलाची चप्पल, हातात अजून पेटलेला टॉर्च, ते तडक परसवात गेले आणि पानापानांवर उजेड टाकत फूल शोधू लागले. आवाजाने आजी उठून मागच्या दारात आली. आजोबा वळले नाहीत. वर बघतच म्हणाले, “अगं, आहे इथेच. वास येतोय. तू जरा दिवा मालव.”