केळीच्या द्रोणातला दिवा

आमच्याकडे दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. पुढे तुळशीचे लग्न लागते, त्रिपुरी पौर्णिमा येते, आणि त्या रात्री द्रोणातला कणकेचा दिवा गंगेत सोडला, की मगच पणत्या धुऊन माळ्यावर चढतात. गंगा म्हणजे अर्थातच गोदावरी. पैठणच्या अंगाला तिला गोदावरी म्हणणारा एक तर शाळामास्तर समजावा, नाही तर परगावचा. मीही फळ्यावर गोदावरी लिहिते आणि घरी आले की गंगा म्हणते.

माझ्या आईने मात्र नाथसागर भरला त्या सालापासून गंगेत दिवा सोडलेला नव्हता. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्या सुमारास आईचे माहेर पाण्याखाली गेले. गाव वर उंचावर पुन्हा वसले, नावही तेच राहिले. धरण नसते तर मराठवाड्याचे काय झाले असते, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते, आणि ते खरेही आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या नळालाही तेच पाणी येते. तांब्या भरताना आई कधी तरी म्हणते, "रोज माहेरच पितेय मी." यावर बोलायचे काय?

अशा घरात माझ्या धाकट्या भावाने बँकॉकची बायको केली. लग्न तिकडेच झाले होते. २०२४ च्या दिवाळीत ती पहिल्यांदा सासरी आली. आईने आठ दिवस आधीपासून धास्ती घेतली होती. ही खाणार काय, बसणार कशी, हिच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत? आणि तुळशीची माळ घातलेल्या बाईच्या घरात आता मासळी शिजायची की काय, ही धास्ती तर बोलूनही दाखवता येईना.

निम्मी धास्ती उंबऱ्यातच गेली. सूनबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडला. थायलंडातही उंबऱ्यावर पाय देत नाहीत. मग तिने हात जोडले, बोटांची टोके थेट भुवयांशी नेली. समोरचे माणूस जितके मोठे, तितके हात वर, असा तिकडचा दंडक. वडीलधारी बसलेली असतील तर त्यांच्यापुढून ताठ चालत जायचे नाही, खांदे झुकवून जायचे. आईला हे इतके आवडले की तिने लगेच सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. पोर अंग चोरून उभी राहिली. डोके हे तिकडे देहातले सर्वांत पवित्र ठिकाण, त्याला असा हात लावत नाहीत. भावाने घाईघाईने काही तरी सांगितले. तेव्हा ती हसली, आणि तिने आपणहून डोके पुन्हा पुढे केले.

स्वयंपाकघरात दोघींना दुभाष्या लागलाच नाही. तिने आमचा खलबत्ता पाहिला मात्र, माहेरचे माणूस भेटावे तशी ती खुलली. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, गूळ, लिंबू आणि कच्च्या पपईच्या लांब शिरा असे सारे हलक्या हाताने कुटून तिने 'सोम ताम' केले. त्यात खरे तर आंबवलेल्या मासळीचे पाणी पडते. इथे तिने न सांगता मीठ घातले. "हा तर पपईचा ठेचा," आई म्हणाली. मला शिकवण्याची खोड. मी सांगून टाकले, की मिरची, शेंगदाणे आणि पपई, तिन्ही अमेरिकेतून आलेली. म्हणजे सासूच्या ठेच्याचे आणि सुनेच्या सोम तामचे आजोळ एकच. कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी गवती चहा आणि कुलिंजन घालून आंबट-तिखट 'तोम याम' झाले, कोळंबीवाचून. त्याच डिसेंबरात युनेस्कोने कोळंबीच्या तोम यामला जगाच्या वारशात जागा दिली. आईने त्याचे नाव 'गवती चहाचं सार' ठेवले आहे. आषाढी पौर्णिमा झाली की तिकडचे भिक्षू तीन महिने एका ठिकाणी राहतात, असे भावाने सांगितल्यावर तर आईच्या लेखी प्रश्नच मिटला. "चातुर्मास पाळतात," तिने शेजारी सांगून टाकले. एक महिना कमी आहे, हे मी बोलले नाही.

पौर्णिमा जवळ आली तशी सूनबाई केळीची पाने मागू लागल्या. त्यांच्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा आणि आपली कार्तिकी पौर्णिमा बहुधा एकाच रात्री येतात. त्या वर्षी दोन्ही १५ नोव्हेंबरला होत्या. त्या रात्री तिकडे 'लॉय क्रथोंग' असतो. लॉय म्हणजे तरंगत सोडणे, आणि क्रथोंग म्हणजे आपला द्रोणच की! केळीच्या खुंटाची जाड चकती कापायची. ती पाण्यावर तरंगते. पानाच्या पट्ट्या दुमडून टोकदार पाकळ्या करायच्या आणि चकतीभोवती टाचत टाचत कमळ उभे करायचे. मध्ये फुले, मेणबत्ती, तीन उदबत्त्या. तिची बोटे चालू लागली की आम्ही हातातले काम सोडून पाहत बसायचो. सुखोथाईच्या राजवाड्यातल्या नोप्पमास नावाच्या स्त्रीने पहिले क्रथोंग केले, अशी कथा तिने सांगितली. तिच्या नावावरचा ग्रंथ बँकॉकात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला, असे इतिहासकार मानतात. मी कादंबऱ्या लिहिणारी. माझे मत कथेच्या बाजूला पडले.

पीडा वाहून जावी म्हणून त्यात नखांचे तुकडे नि केसांची बटही ठेवतात म्हणे. "गंगेत नखं?" आईने डोळे वटारले. ते कलम तिथेच रद्द झाले. मेणबत्तीही गेली, तिच्या जागी कणकेचा दिवा आला. यात आईचा तिकडच्या शहाण्या माणसांशी नकळत मेळ बसला. २०२३ साली एकट्या बँकॉकात दुसऱ्या दिवशी सहा लाखांहून अधिक क्रथोंग पाण्यातून उपसावे लागले. म्हणून काही लोक आता पावाचे क्रथोंग करतात, मासे खाऊन टाकतात. आपल्या आज्यांनी कणीक त्याच हिशेबाने निवडली होती की काय, कोण जाणे.

"हा दिवा कुणाला?" आईने विचारले.

"मे खोंगखा," सून म्हणाली. 'मे' म्हणजे आई. खोंगखा म्हणजे गंगा. तिकडे नदी कोणतीही असो, तिची देवता गंगाच.

आई चकित झाली. आपण गंगेकडे मागतो, सौभाग्य, पीकपाणी, मुलांचे आयुष्य. तिकडे आधी क्षमा मागतात. वर्षभर तुझे पाणी प्यालो, तुझ्यात घाण टाकली, माफ कर.

आईचा कणीक मळणारा हात थांबला. "माफी? मी मागू? मागायची तर तिनं मागावी."

भावाने याचा अर्थ सांगितला नाही. सुनेने विचारले, तेव्हा मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला गावाची हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने केळीच्या खुंटाची दुसरी चकती कापायला घेतली.

पौर्णिमेच्या दुपारी ते दुसरे क्रथोंग तिने आईपुढे ठेवले. आम्ही पैठणला, नाथांच्या समाधीजवळच्या घाटावर निघणार होतो. आई बराच वेळ त्या हिरव्या कमळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घाटावर नको. तिथून दिवा खाली जातो. माझं गाव वर आहे."

म्हणून आम्ही नव्या गावाकडून नाथसागराच्या काठावर गेलो. चंद्र वर आला होता, थंडी पडली होती, आणि समोर नुसते पाणी. आई काठाला उभी राहून बोट दाखवू लागली. इथे पार होता, तिथे मारुती, त्याच्या अंगाला आमचा वाडा, पलीकडे चिंच. सूनबाईंना एक शब्दही कळत नव्हता. पण आई बोट दाखवी तिथे तिथे ती पाहत होती, पाण्यावर खरेच काही असल्यासारखी. क्षमा कोणी मागितली की नाही, मला ठाऊक नाही. दोघींचे ओठ हलत होते.

दिवे सोडले. सुनेचा भिरभिरत आत गेला. आईचा चार हात गेला आणि वाऱ्याने काठाला परत आला. तिने तो पुन्हा लोटला, तो पुन्हा आला. सून कासावीस झाली. आई मात्र हसू लागली.

"माहेर आहे ते," ती म्हणाली, "लगेच कशी निघू देतील?"

मग भाऊ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, आणि आईचा दिवा दोन्ही हातांत धरून जरा आत घेऊन गेला.