भिंगरी, चिमणी आणि स्टेल्व्हिओचा घाट

युरोप बघायचा तर यात्रा कंपनीच्या बसमधून, अशी आपल्याकडची रीत. दहा दिवसांत सात देश आणि प्रत्येक देशापुढे उभं राहून एक फोटो. मी मात्र २०२३ च्या जुलैत जर्मनीतून ऑस्ट्रिया ओलांडून इटलीपर्यंतचा सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता पाच दिवसांत पाहिला, तोही पन्नास सीसीच्या गाडीवरून आणि रात्री तंबूत झोपून. साठीला आलेल्या माणसाने असले धंदे करावेत का, असं घरी विचारलं गेलंच. पण त्या पाच दिवसांत जे दिसलं, ते बसच्या खिडकीतून दिसलं नसतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा जर्मनीत येनाला नोकरी करतो. त्याचा एक कंपू आहे, दर उन्हाळ्यात जुन्या सिम्सन गाड्या घेऊन डोंगराकडे निघणारा. मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. "मामा, येतलो न्हय?" एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे मोटारसायकलचं भारतीय लायसन्स होतं, आंतरराष्ट्रीय परवानाही गोव्यातूनच काढून नेला होता. गाडी कंपूतल्या एकाने उसनी दिली. आम्ही दोघे धरून नऊ जण झालो. एक शाळामास्तरीण, एक बेकरीवाला, दोन कॉलेजची पोरं, एक नर्स आणि तिचा नवरा, आणि त्र्याहत्तर वर्षांचे एक आजोबा. त्यांना सगळे 'ओपा' म्हणत. ओपा म्हणजे तिकडे आजोबाच.

आता थोडं गाडीविषयी, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. सिम्सन ही पूर्व जर्मनीची गाडी, सूल नावाच्या डोंगराळ गावात बनलेली. टू-स्ट्रोक इंजिन, ताकद पावणेचार घोड्यांच्या आसपास. एका मालिकेतल्या गाड्यांना पक्ष्यांची नावं दिलेली: चिमणी, भोरडी, भिंगरी. त्यातली भिंगरी, म्हणजे त्यांची 'श्वाल्बे', १९६४ ते १९८६ या काळात दहा लाखांहून जास्त खपली. जर्मनीत एरवी पन्नास सीसीच्या गाडीला ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा आहे. पण दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा या जुन्या गाड्यांना ६० ची सवलत मिळाली, ती आजही आहे. ही सवलत जर्मनीपुरतीच, म्हणून सीमेपलीकडे येणाऱ्या प्रत्येकाकडे मोटारसायकलचं लायसन्स होतं.

पेट्रोलमध्ये ऑईल आपणच मिसळायचं, पाच लिटरला शंभर मिलिलिटर. त्या निळसर धुराच्या वासाने मला थेट म्हापशाच्या बाजारात नेऊन सोडलं. आमच्या काकांची लुना होती ना! पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली काढलेली लुना मुळात इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या 'चाओ'वरून परवाना घेऊन बनवलेली. आल्तिनोचा चढ आला की काका पेडल मारायचे आणि मागे बसलेला मी उतरून ढकलायचो. म्हणजे पन्नास सीसी हे प्रकरण मला अगदीच परकं नव्हतं.

निघण्याआधी ओपांनी एकच नियम सांगितला. सगळ्यात सावकाश गाडी सगळ्यात पुढे. अवजारांची पेटी सगळ्यात मागे. कोणी कोणाला मागे टाकायचं नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं असतं. जो जोरात तो पुढे, आणि मागचा कुठे राहिला हे चहाच्या टपरीवर पोचल्यावर कळतं. इथे सगळ्यात पुढे होती मास्तरीणबाई, कारण तिची भिंगरी सगळ्यात थकलेली. ती पन्नासने चालली की आम्ही आठही पन्नासने. पहिल्या दिवशी हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवसापासून मात्र रस्ता दिसायला लागला. हायवेवर या गाड्यांना बंदी, त्यामुळे सगळा प्रवास गावागावांतून. कोबुर्ग, बांबेर्ग, मग बव्हेरियाची गवताळ कुरणं. कोणाच्या अंगणात कसली फुलं आहेत, कुठल्या बेकरीतून पाव निघाला आहे, हे नाकाडोळ्यांना कळायचं.

मुक्काम कॅम्पिंगच्या अधिकृत जागीच करायचा. वाटेल तिथे तंबू ठोकलेला तिथे चालत नाही. रात्री दहानंतर आवाज बंद. दुपारी एक ते तीनही शांततेची वेळ, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फाटकच लावलेलं असतं. एकदा आम्ही सव्वा एकला पोचलो आणि पावणेदोन तास फाटकाबाहेर गवतावर लोळलो. वामकुक्षीचा असा कायदा गोव्याबाहेर कोणी केला असेल असं वाटलं नव्हतं!

तिसऱ्या रात्री गॅसच्या चुलीवर सूप उकळत असताना मी ओपांना विचारलं, सिम्सन म्हणजे काय? हा कुठला पक्षी?

पक्षी नव्हे, ते म्हणाले, आडनाव. लोब आणि मोझेस सिम्सन या ज्यू भावांनी १८५६ साली सूलमध्ये हा कारखाना सुरू केला. बंदुका, मग सायकली, मोटारी. १९३५-३६ मध्ये नाझींनी कारखाना बळकावला आणि घराण्याला देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. युद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारी मालकीचा झाला, १९५५ पासून मोपेड बनू लागल्या, पण टाकीवर नाव राहिलं त्यांचंच. ओपांनी त्याच कारखान्यात जुळणीचं काम केलं, २००२ मध्ये तो बंद पडेपर्यंत.

"माझी आई सांगायची," ओपा म्हणाले, "ते लोक गेले तेव्हा गावाने खिडक्या लावून घेतल्या." मग बराच वेळ ते चमचा ढवळत राहिले. "म्हणून मी मागे बघत गाडी चालवतो."

भाच्याने हे मला कोकणीत सांगितलं आणि तोही गप्प झाला.

चौथ्या दिवशी रेशेन खिंड ओलांडून इटलीत शिरलो. सीमेवर कोणी विचारणारं नाही. थोडं पुढे एका मोठ्या तलावाच्या मधोमध नुसता चर्चचा मनोरा उभा. चौदाव्या शतकातला. १९५० साली वीजप्रकल्पाच्या पाण्याखाली ग्राउन गाव गेलं, मनोरा तेवढा राहिला. पर्यटक फोटो काढत होते. मला आपलं कुर्डी आठवलं. साळावली धरणात बुडालेलं मोगूबाईंचं कुर्डी, मे महिन्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराच्या देवळापाशी पुन्हा माणसांनी भरणारं. मी भाच्यामार्फत ओपांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "दरवर्षी येतात?" हो म्हटलं. "चांगले लोक आहेत," ते म्हणाले.

पाचवा दिवस स्टेल्व्हिओचा. प्राड गावातून चढ सुरू होतो आणि २७५७ मीटरवर संपतो. ऑस्ट्रियाच्या बादशाहीत कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने १८२० ते १८२५ मध्ये हा रस्ता बांधला. या बाजूला एकूण ४८ केसपिना, प्रत्येकीला नंबर, खालून वर उलट्या क्रमाने. अनमोड, चोर्ला हे घाट आपल्याला मोठे वाटतात. त्यांच्या डोक्यावर आणखी दोन-तीन घाट रचावेत असं हे प्रकरण.

उंचीवर हवा विरळ. टू-स्ट्रोकच्या कार्ब्युरेटरला ते समजत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो. इंजिन गुदमरतं, प्लग काळा पडतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत जवळजवळ पाव ताकद निघून जाते. बाविसाव्या वळणावर मास्तरीणबाईंची भिंगरी बसली. आमच्या आठही गाड्या कडेला. मागून मोठ्या मोटारसायकली घोंघावत गेल्या, कोणी हॉर्न मारले, कोणी हात हलवले. एक सायकलवाला घामाघूम होऊन आम्हाला ओलांडून गेला, जाताना हसला देखील. बाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी खाली उतरते. कोणी उत्तरच दिलं नाही. ओपांनी गोळ्यांच्या जुन्या डबीतून बारीक भोकाचा जेट काढला, गुडघ्यावर बसून बदलला, प्लग घासला. अर्धा तास गेला. मग पुन्हा त्याच पुढे, आणि आम्ही त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, ताशी पंधराने. वळण क्रमांक एक आलं तेव्हा कोणी आधी पोचला नाही आणि कोणी नंतर.

माथ्यावर सॉसेज-पाव खाल्ला. आपल्या चोरीस-पावाची सर नाही, पण भूक सगळ्यात मोठी मसालेवाली.

उतार जास्त अवघड, बरं का. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच येतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून दिला की इंजिन कोरडं फिरतं. म्हणून खाली जातानाही मधूनमधून हलकेच मूठ पिळावी लागते. संध्याकाळी बोर्मिओला तंबू लागले तेव्हा ब्रेकच्या ड्रमवर हात ठेववत नव्हता.

असो. परत आल्यावर मी काकांच्या लुनेचा जुना फोटो ओपांना पाठवला. भाच्याने कळवलं की ओपांनी तो छापून गॅरेजच्या भिंतीवर लावला आहे आणि चढावर पेडल मारायची कल्पना त्यांना फार पटली आहे.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. मंडळी, कोणाच्या पडवीत जुनी लुना धूळ खात असेल तर ती पुसून ठेवा. डिसेंबरात साखळीहून चोर्ल्यापर्यंत जाऊ. माझी लुना आताच खोकते आहे, तेव्हा पुढे मीच असणार, हे आधीच सांगून ठेवतो.