वग किती वाजता सुरू होतो?

राजकारण आणि संस्कृतीवर लिहिणाऱ्या, एका साप्ताहिकातल्या पत्रकार बाईंना मला लेखाचा विषय सुचवायचा होता. त्याला 'पिच करणं' म्हणतात, म्हणजे हा लेख का व्हावा ते थोडक्यात पटवून देणं, एवढंच ऐकून होतो. मी पानंच्या पानं पाठवली: तमाशाची परंपरा, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची थोरवी, लोककलेची उपेक्षा. उत्तर एका ओळीचं आलं, "हा विषय झाला. यात घडतंय काय?"

मला प्रश्नच नीट कळेना. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला गेलो. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. मी परंपरेबद्दल विचारत होतो; फडमालक आणि कमिटीवाले मात्र परवानगीबद्दल बोलत होते. शेवटी वही मिटून नुसता ऐकत बसलो.

तेव्हा कुठे उलगडा झाला. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, असा तमाशाचा क्रम. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगायचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले फार तर 15 दिवस राज्य सरकार 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. कात्री लागते ती शेवटी येणाऱ्या वगाला. आणि राजा-प्रधानाच्या आडून गावासमोर सत्तेला जाब विचारला जातो तो वगातच! मला हे फार लागलं.

नवं टिपण चार ओळींचं झालं: जत्रेत वग किती वाजता सुरू होतो आणि तो थांबवायचं कोण ठरवतं? बाईंचा लगेच फोन आला. 2024 ची लोकसभा निवडणूक राज्यात 19 एप्रिल ते 20 मे, म्हणजे ऐन जत्रांच्या हंगामात झाली. तेव्हा परवानग्यांचं काय झालं, ते कागद बघा म्हणाल्या. मग विचारलं, "बोलणार कोणाकोणाशी?"

"फडमालक, कलावंत, कमिटी, पोलीस."

"आणि ज्यांची झोपमोड होते ते? तेही त्याच गावचे ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पहिली भेट जत्रेच्या मैदानाला लागून राहणाऱ्या एका आजींची ठरली आहे. वग पुरा व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांचं सगळं ऐकून झाल्यावर तेही मी त्यांना सांगणार आहे.