नजर दोन बोटं खाली

सोलापुरात पोर्ट्रेटचं काम बहुतेक फोटोवरूनच येतं. दिवसकार्य उरकलं की मुलगा मोबाइल घेऊन दारात उभा. "वडलांना जरा हसरं करा." ओठांची टोकं वर ओढली की झालं हसू, असा सगळ्यांचा समज. तसं केलं तर माणूस दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. हसू खालच्या पापणीत असतं. ती किंचित वर चढते, गाल तिला येऊन भिडतो, आणि तिथला हाफटोन बोटाने हलकेच पुसून घ्यावा लागतो. 'मोनालिसा'च्या ओठांची, डोळ्यांची टोकं लिओनार्दोने अशीच धूसर ठेवलीत. म्हणून तर ती हसतेय की नाही, यावर लोक अजून भांडतात.

गिऱ्हाईक स्वतः बसणार असेल, तर मी आधी नुसता कोळसा फिरवत राहतो. फोटोसाठी फुगवलेली छाती हळूहळू खाली येते, मान आपल्या जागी जाते. मग रंग काढायचे.

मागे पूर्वभागातले एक गृहस्थ बसले होते. सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. कपाळ, नाक, मिशा झटक्यात जमल्या, तरी चित्रातले ते कुणी तिऱ्हाईतच. बघता बघता ध्यानात आलं, हे माझ्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघतात! मागांच्या खडखडाटात कान मंदावलेले. बोलणं ओठांवरून टिपायची सवय. डावा कान जरासा पुढे, हनुवटी वर, नजर दोन बोटं खाली. बुबुळं तेवढी उतरवली आणि माणूस ऐकू लागला.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. माणूस तोच, पण मान, खांदे, नजर यांचा हिशेब नव्याने मांडला नसता, तर ती नुसती साडी नेसवलेली पुरुषाची तसबीर झाली असती. नाटक सुरू व्हायच्या आधी मी तिथे हमखास रेंगाळतो.

चित्र न्यायला आलेला मुलगा कुरकुरला, "अहो, आमच्याकडं बघतच नाहीत की हे!" त्याला कॉलरही नीट करून हवी होती. कॉलर केली. बुबुळांना हात लावला नाही.