कुरुंद्याचा माठ

हवामानाच्या अंदाजाची थट्टा करणे ही आपल्या मध्यमवर्गाची एक बिनखर्चाची करमणूक आहे. 'पाऊस पडेल' असे वेधशाळेने म्हटले की छत्री खुशाल घरी ठेवावी, हा विनोद माझ्या लहानपणीही होता आणि आजही तो तितक्याच उत्साहाने सांगितला जातो. मीही तो चारचौघांत पुष्कळदा सांगितला आहे. परंतु 2024 सालच्या मे महिन्यापासून मी तो सांगायचे सोडून दिले. त्याला कारण झाला एक माठ.

माझे गाव कुरुंदा, वसमत तालुक्यातले. माझ्या जुन्या दाखल्यांवर परभणी जिल्हा आहे आणि आबांच्या आताच्या सातबाऱ्यावर हिंगोली, कारण 1999 साली नवा जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी ऊन बदलले नाही. मे महिन्यात टोकाईच्या गडाकडून दुपारचा वारा येतो तो भट्टीचे दार उघडल्यासारखा. पारा बेचाळीसच्या पुढे गेला तरी त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. त्या उन्हावरच तर आमची हळद वाळते. शिजवलेली हळद पसरायची, दोन आठवडे राखण करायची, आणि मग एक कांडी मोडून पाहायची. कडकन आवाज आला की वाळली. आबांचे सारे आयुष्य त्या आवाजाकडे कान देण्यात गेले.

तर त्या वर्षी हळदीचे आटोपून आबा आमच्याकडे मुंबईला आले. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने आले, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेला माठ घेऊन आले! आमच्या फ्रिजच्या पाण्याने त्यांचा घसा धरतो, म्हणून हा खटाटोप. रात्रभर त्यांनी तो माठ तान्ह्या मुलासारखा सांभाळला होता. आमच्या सौ.ने तो धुऊन, पाणी भरून, गॅलरीत वाळूवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी गार नव्हते.

मग संशोधन सुरू झाले. आधी वाळू बदलली. मग माठ सावलीत सरकवला. मग भोवती ओले फडके बांधले. शेवटी संशय आमच्या नळाच्या पाण्यावर आला. "माठात काई खोट नाई," आबा ठासून म्हणाले, "तुमच्या मुंबईतच काईतरी खोट हाय." त्यांचे हे वाक्य शब्दशः खरे होते, हे तेव्हा आम्हांला कुणालाच कळले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्रातला अंदाज मोठ्याने वाचून दाखवला. कोकण किनारपट्टीवर हवा उष्ण व दमट राहील. कमाल तापमान 34 अंशांच्या आसपास. दुपारी उन्हात जाणे टाळावे. आबा खो खो हसले. "चौतीस? अरे, चौतीस म्हंजे आमची न्याहारीची येळ!" मीही हसलो. नातवाने तर टाळीच दिली. आबा अकराच्या सुमारास टोपी चढवून फिरायला निघाले, तेव्हा सौ.ने मला डोळ्याने खुणावले, पण मीच म्हणालो, "जाऊ द्या हो त्यांना. बेचाळीसात नांगर धरलेला माणूस आहे तो."

तासाभराने खालच्या दुकानदाराचा मुलगा धावत वर आला. आबा फुटपाथवर बसले होते. सदरा पिळून काढावा इतका भिजलेला, चेहरा पांढराफटक, आणि बोलणे थोडे बरळल्यासारखे. रिक्षात मी त्यांचा हात धरून बसलो होतो. त्या दहा मिनिटांत मला माझे सकाळचे हसणे पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.

दवाखान्यात सलाइन लागली, ओल्या फडक्याने अंग पुसले, पंखा लावला. संध्याकाळपर्यंत आबा माणसात आले. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगण्याची हौस असलेले. ते म्हणाले, "आजोबा, घाम आल्याने माणूस गार होत नाही, घाम वाळल्याने होतो. तुमच्या गावची हवा कोरडी. घाम येतो न येतो तोच उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे समुद्राच्या वाफेने हवा आधीच भरलेली असते. घाम नुसता गळतो. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण उष्णता तशीच राहते."

आबा थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे माठाचं झालं तेच माझं झालं म्हण की."

शाळेत मी विज्ञान शिकलो होतो, पण हे सूत्र चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने मला खाटेवरून सांगितले. माठ झिरपतो, झिरपलेले पाणी वाळते, म्हणून आतले गार होते. मुंबईत बाहेरचे पाणी लवकर वाळतच नाही, मग आतले गार व्हावे कसे?

त्या दिवसापासून मी अंदाज नीट वाचू लागलो, आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना हवामान खाते मैदानी भागात 40 अंशांची मर्यादा धरते, किनाऱ्यावर मात्र 37 ची. शिवाय पारा नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश वर हवा. पूर्वी मला हा कोकणावरचा लाड वाटे. आता कळते की 37 हा आकडा सगळीकडे सारखाच नसतो.

आणि मार्चचे ऊन निराळे, मेचे निराळे. मार्चमध्ये जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे येतात. दुपारी समुद्रावरचा वारा वेळेवर सुटला तर ठीक. त्याला उशीर झाला की पारा भराभर चढतो. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश तापमान नोंदले गेले होते! मेमध्ये पारा इतका चढत नाही, पण ओलावा वाढतो. एकात भाजून निघायचे, दुसऱ्यात उकडून निघायचे, एवढाच फरक.

आबा गावी परतले ते एक नवी सवय घेऊन. आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "आज तुमच्याकडं उष्ण अन् दमट हाय. बारा ते चार बाहेर पडू नको. लिंबू-मीठ घे." कुरुंद्यातला माणूस कोकणचा अंदाज पाठ करतो; आणि मुंबईतला मी मराठवाड्याचा वाचतो, कारण उघड्यावर पसरलेल्या हळदीवर मार्च-एप्रिलात अवकाळी सर आली तर वर्षाची मेहनत काळी पडते. 2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हापासून आभाळाची थट्टा तिथे कुणी फारशी करत नाही.

2025 साली मात्र गंमत झाली. उन्हाळा नेहमीपेक्षा कडक राहण्याची शक्यता हवामान खात्याने वर्तवली होती, आणि मे महिना निघाला पावसाचा. मुंबईत मान्सून 11 जूनच्या सुमारास यायचा, तो 26 मेलाच येऊन धडकला. इतक्या लवकर तो 1950 पासून कधी आला नव्हता. आमच्या कचेरीत छत्रीचा तो जुना विनोद पुन्हा निघाला. मी फोनवर आबांना म्हणालो, "बघा, हुकला अंदाज."

"हुकू दे की," आबा म्हणाले. "तीन महिन्यांचं आभाळ आधी सांगायचं म्हंजे शक्यताच सांगणार ते. हुकलं तर ताडपत्री घडी घालून ठेवायची. अन् खरं निघालं तर?"

या 'तर?'ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रिक्षातली ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही.

माठ अजून आमच्या गॅलरीत आहे. सौ.ला त्यात तुळस लावायची आहे. मी लावू देत नाही. जानेवारीत एखाद्या दिवशी जमिनीकडचा कोरडा वारा सुटतो, आणि माठातले पाणी खरोखर गार लागते. मग मी तांब्याभर पितो आणि गावी फोन लावतो.

"आबा, आज पाणी गार आहे."

"हां," पलीकडून समाधानाचा आवाज येतो, "आपल्याकडचा वारा पोचला म्हणायचा."