अभ्यासप्रवासाचा कॅमेरा

डोंबिवलीहून कल्याण, लोणावळा, मळवली आणि तेथून पायी कार्ले, हा आमचा अभ्यासप्रवास. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरली आहेत. त्यांत यवन आहेत, सोपाऱ्याचा भिक्षूही आहे. द्वार घडविणाऱ्या सुताराचे नावही लेण्यात आहे. श्रमिकांची नावे टिकविणारा हा दगड आमच्या लेखी अस्सल दप्तर होय.

झिजलेली अक्षरे वाचण्यास निगेटिव्ह मोठी हवी. १२० फिल्मची ६×६ची चौकट ३५ मिलिमीटरच्या चौकटीहून साडेतीन पट मोठी असते. परंतु मामिया आरबी ६७ अडीच किलोंच्या घरात, यॅशिकामॅट किलोभर. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री हलका. मात्र त्याचा शटर-वेग ठरलेला, अंधाऱ्या चैत्यात अपुरा. म्हणून आम्ही घडीचा झाइस इकोंटा निवडला. तो अर्ध्या किलोच्या आसपास, त्याला बॅटरी लागत नाही आणि शटर-वेग बदलता येतो. असा जुना कॅमेरा घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी धरावी; भोक असल्यास उजेड बाहेर दिसतो.

एका रिळात १२ छायाचित्रे. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी अक्षर वाचावे, वहीत उतरवावे, मगच कळ दाबावी. आपल्या इतिहासाची साधने आपणच जपली पाहिजेत.